भावोजींच्या मशीनचा बेल्ट

बेल्ट जळल्याचा वास मला गर्दीतही ओळखू येतो. सिग्नलला पुढच्या स्कूटरमधून आला, तर मी त्या माणसाला हाक मारून सांगतो, बाबा रे, आठवडाभरात दाखवून घे. लोक वैतागतात. बायको म्हणते, तुला विचारलं होतं का कोणी? नसतं विचारलेलं. अंधेरीत फुटपाथला लागून असलेल्या एका गाळ्यात मी पंचवीस वर्षं स्कूटर दुरुस्त करतो आहे, आणि न विचारता निकाल देऊन मोकळं होणं ही माझी जुनी खोड आहे. गिऱ्हाइकांना ती आवडते. त्यांना वाटतं, मिस्त्री असावा तर असा, बघितल्याबरोबर सांगतो. याच खोडीपायी मी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं जे केलं, ते आज लिहून काढतो आहे.

मढला, समुद्राला लागून, एका माणसाची मोकळी जागा आहे. शेजारी शूटिंगला भाड्याने देतात ते बंगले, पलीकडे सुरूची झाडं. या मालकाने तिथे वाळूचा ट्रॅक आखला आणि चार एटीव्ही आणल्या. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, दोघांना पुरेल अशी लांब सीट. सुट्टीच्या दिवशी माणसं पोराबाळांसकट येतात आणि चकरा मारतात. बहुतेकांना चालवता येत नाही, म्हणून पुढे ड्रायव्हर बसतो आणि मागे गिऱ्हाईक. दिसायला ते रानटी धूड, पण पोटात बघाल तर आपल्या स्कूटरचाच संसार. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये एक रबरी बेल्ट. इंजिन पुढची पुली फिरवतं, बेल्ट ती ताकद मागच्या पुलीला देतो, आणि तिथून ती चाकांपर्यंत जाते. बेल्ट गेला की इंजिन कितीही बोंबललं तरी गाडी जागची हलत नाही. म्हणून मालक स्कूटरचा मिस्त्री शोधत होता, आणि कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. दर मंगळवारी मी माझी स्कूटर वर्सोव्याच्या बोटीत चढवायचो, पाच मिनिटांत पलीकडे उतरायचो आणि दुपारपर्यंत चारही मशीन बघून परत यायचो.

त्याच सुमारास भावोजींची नोकरी गेली होती. साकीनाक्याच्या एका कंपनीत ते पॅकिंगला होते. कंपनी मुंबईबाहेर गेली आणि हे बोरिवलीच्या घरात बसले. आठ महिने बसले. मुळात माणूस इतका गप्प, की घरात आहे की बाहेर गेलाय ते कळू नये. आमच्याकडे जेवायला आले तर ताटात मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत, तसंच जेवून उठायचे. माझे वडील होते तोवर भावोजी दारात दिसले की ते खाटेवरून उठून उभे राहायचे. वडील गिरणीतून सुटलेले, गुडघे गेलेले, तरी उठायचे. जावयापेक्षा वयाने तीस वर्षांनी मोठा माणूस असा धडपडत उभा राहिलेला बघून भावोजींचीच पंचाईत व्हायची. वडील गेल्यावर ते उठणं माझ्याकडे आलं. मी भावोजींपेक्षा सहा वर्षांनी मोठा, पण त्यांना अहोजाहो करतो, आणि ते मला दादा म्हणतात.

मालकाला चौथा ड्रायव्हर हवा होता. मी शब्द टाकला. म्हटलं, माझ्या घरचा माणूस आहे, डोळे झाकून ठेव.

महिनाभरात भावोजी ओळखू येईनासे झाले. रापून काळे झाले होते, डोक्याला रुमाल, आणि चक्क मोठ्याने हसत होते. एका आजींना मागे बसवून त्यांनी ट्रॅकवर इतकी हळू चक्कर मारली होती की बाकीचे ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. आजी उतरल्या त्या म्हणाल्या, अजून एक. भावोजींच्या ताब्यात तीन नंबरचं मशीन होतं. काम संपलं की ते त्याला गोड्या पाण्याने धुवायचे, खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून. बाकीचे कोणी धुवायचे नाहीत. बहीण फोनवर म्हणाली, “दादा, ते आता घरी येऊन बोलतात रे. कोण आलं, कोण घाबरलं, कोण पडता पडता वाचलं. मी नुसती ऐकत बसते.” लग्नाला चौदा वर्षं झाली होती तिच्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा नवरा घरी येऊन बोलत होता.

मला फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं की मी काहीतरी जास्तीचं करून बसतो.

त्याचं असं, की बेल्टच्या कव्हरमध्ये हवा जायला एक नळी असते. तिचं तोंड वर, सीटखाली असतं. बेल्ट पळताना तापतो, त्याला गार ठेवायला ही हवा. पण मढची हवा म्हणजे मीठ आणि बारीक वाळू. ती आत गेली की पुली खरवडते. त्याच सुमारास एका मंगळवारी, बाकीचे चहाला गेले असताना, मी तीन नंबरची सीट उचलली, जुन्या बनियनचं कापड दुहेरी घडी करून नळीच्या तोंडावर ठेवलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गच्च बांधून टाकलं. हवा कापडातून आत जाईल, वाळू बाहेर राहील. कापड दर आठवड्याला धुवायचं, हेही माझ्या डोक्यात होतं. हे मी फक्त तीन नंबरला केलं. आमच्या घरच्या जावयाचं मशीन होतं ते. जेवताना जावयाच्या भातावर तुपाची धार जरा जास्त पडते, त्यातलाच प्रकार. आणि वाढलेलं तूप कोणी बोलून दाखवत नाही. मी भावोजींना सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही. बाकीच्या तिघांना कळलं असतं तर त्यांनी कुरकुर केली असती. पुढच्या मंगळवारी दोन नंबरचा ब्रेक अडकला होता, त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी काहीतरी. ते कापड माझ्या डोक्यातून निघून गेलं, ते गेलंच.

दोनेक महिन्यांनी तीन नंबरचा बेल्ट गेला.

भावोजींचा फोन आला. “दादा, आधी वास आला. मग गाडी चालताना ढकढक करायला लागली. मग नुसतं इंजिन ओरडतंय, पुढे सरकत नाही. मी लगेच बंद केली.” मी गेलो, बाजूचं कव्हर उघडलं. बेल्टच्या दोन्ही कडा चमकत होत्या. बेल्टची कड खरबरीत असली तरच ती पुलीला धरते. बेल्ट घसरायला लागला की तापतो, तापला की गुळगुळीत होतो, गुळगुळीत झाला की आणखी घसरतो. याची कारणं मला झोपेतही सांगता येतात. पुलीवर तेल सांडलं असेल, पुलीतले रोलर झिजले असतील, पुलीवर चर पडला असेल, दोन पुल्या एका रेषेत नसतील, बेल्टच डुप्लिकेट असेल. मी एकेक करून सगळं बघितलं. तेल नव्हतं. रोलर गोल होते. पुलीला पट्टी लावून रेष बघितली, सरळ होती. बेल्ट अस्सल होता. नवीन टाकला आणि म्हटलं, असेल एखादा खराब निघालेला.

पाच आठवड्यांनी दुसरा गेला. त्याच चमकत्या कडा. बाकीची तीन मशीन ठणठणीत, त्याच वाळूत, तीच गिऱ्हाइकं घेऊन. आता उरलं एकच कारण, ते म्हणजे चालवणारा. मऊ वाळूत गाडी कमी वेगाच्या गिअरला टाकून काढायची असते. जास्त वेगाच्या गिअरवर तशीच रेटली, किंवा ब्रेक दाबून ठेवून अॅक्सिलरेटर पिळला, तर बेल्ट जळतो. मी भावोजींच्या मागे बसलो आणि म्हटलं, चालवा, मला बघू दे. ते चालवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून त्यांच्या हातांकडे बघत होतो. तीन चकरा मारल्या. एकदाही चुकले नाहीत. मऊ वाळू आली की थांबून गिअर बदलत होते, वळणावर हात सैल सोडत होते. माझ्या सगळ्या आयुष्यात यापेक्षा मऊ हाताचा ड्रायव्हर मी बघितला नव्हता. आणि यावरून मी काय निष्कर्ष काढावा? की मी मागे आहे म्हणून हे नीट चालवत आहेत.

उतरल्यावर भावोजी म्हणाले, “दादा, एक सांगू? याचं कव्हर दोन नंबरपेक्षा जास्त तापतं. मी दोन्हीला हात लावून बघितलंय.”

आज मला हे वाक्य शब्दन् शब्द आठवतं. सगळं त्यात होतं. शिकाऊ पोराने हे सांगितलं असतं तरी मी कान टवकारले असते. पण सांगणारा पॅकिंगमधला माणूस होता, आणि मी मिस्त्री होतो. मी म्हणालो, “हात लावून निदान करायला तुम्ही वैद्य कधी झालात, भावोजी?” शेजारचे दोघे हसले. भावोजीही हसले. मी नवीन बेल्ट टाकून दुपारच्या बोटीने परत आलो.

तिसरा बेल्ट गेला तो रविवारी, भर गर्दीत. मागे एक बाई, मांडीवर तिची लहान मुलगी. कव्हरमधून धूर निघाला, मुलगी रडायला लागली, बाईंनी मालकाला नको नको ते सुनावलं. मालकाने मला तातडीने बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा तो, तिघे ड्रायव्हर, आणि खाली मान घालून भावोजी, असे सगळे तीन नंबरभोवती उभे होते. मी कव्हर उघडलं. बेल्टच्या आतले धागे सुटून पुलीला गुंडाळले होते.

मालक म्हणाला, “मिस्त्री, मशीनमध्ये लोचा आहे की माणसात? एकदाचं सांगून टाक ना.”

मी उत्तर द्यायच्या आत भावोजी पुढे झाले. त्यांना चार लोकांत बोलायची सवय नव्हती. म्हणाले, “दादा, एक करू या का? दोन दिवस मी दोन नंबर चालवतो. दोन नंबरवाला माझं मशीन चालवेल. मग कळेलच ना.”

एखाद्या गाडीचं दुखणं सापडत नसेल तर चालवणारा बदलून बघायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी आहे. मी स्वतः शंभरदा केलेली. ती मला सुचायला हवी होती, आणि ती सुचली होती पॅकिंगमधल्या माणसाला. राग मला त्याचाच आला असावा. मी मालकाच्या समोर ओरडलो, “कशाला? दुसऱ्या मशीनची पण वाट लावायची आहे? तीन बेल्ट खाल्लेत तुम्ही! मशीनमध्ये काही नाही. मी सगळं तपासलंय. तुमचा हातच जड आहे, भावोजी. काही माणसांच्या हाताला यंत्र सोसत नाही, त्याला मी तरी काय करू?”

मी सगळं तपासलं होतं हे खोटं नव्हतं. दुसऱ्याने बिघडवलं असेल ते सगळं तपासलं होतं. मी स्वतः काय केलं आहे, ते तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. सीट मी एकदाही उचलली नाही. बेल्ट बदलायला ती उचलावी लागत नाही.

भावोजी स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले, मग डोक्याचा रुमाल सोडून, घडी करून खिशात ठेवला. त्यांना काढून टाकलं असं कोणी म्हणालं नाही. मालक एवढंच म्हणाला, की काही दिवस राहू दे. ते समजले. तीन नंबर ताडपत्रीखाली एका कोपऱ्यात उभं केलं. नवीन बेल्ट टाकून पुन्हा जाळायचा कशाला, असा मालकाचा हिशोब, आणि मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच, की घरचा माणूस असला तरी खरं ते बोललो. आई मालवणची, अजून तिकडचंच बोलते. तिने तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं. “जावयाक चार माणसांत असा बोललंस? तुझे वडील उठान उभे रवत, तां विसारलंस?” मी म्हटलं, आई, धंद्यात नातं बघून चालत नाही. ती म्हणाली, “माका धंद्यातला काय कळता? पण माझ्या चेडवाक, तुझ्या भयणीक, तिथेच रवाचा आसा.” नंतर दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

भाऊबीजेला बहीण आली, एकटी. ओवाळलं, माझ्या हातातून साडी घेतली, पण जेवली नाही. म्हणाली, उशीर होतोय. दर वर्षी संध्याकाळपर्यंत बसणारी, माझ्या बायकोबरोबर माझ्याच चुगल्या करणारी बहीण, ती वीस मिनिटांत चपला घालून निघाली. जिन्यात मी विचारलं, भावोजी कसे आहेत? ती म्हणाली, “आहेत. कांदिवलीला एका टॉवरच्या गेटवर बसतात. कोण आलं, कोण गेलं ते वहीत लिहितात.” मी म्हटलं, बोलतात का? तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली उतरून गेली. पुढे आईकडून कळलं की भावोजींनी त्यांची स्कूटर विकली. मला वाटलं, ओढगस्त असेल. मी आईच्या हातून काही पाठवायला बघितलं, ते आलं तसं परत आलं.

दुसऱ्या वर्षी, थंडी संपता संपता, एक नंबरची सीट फाटली. मालक म्हणाला, मिस्त्री, त्या तीन नंबरची काढून याला लाव. मी ताडपत्री ओढली आणि सीटचा खटका दाबला.

नळीच्या तोंडावर माझंच बनियन होतं. खारट ओल, वाळू आणि धूळ बसून ते वाळलेल्या चामड्यासारखं कडक झालं होतं. बोटाने वाजवून बघितलं तर टकटक वाजलं. ट्यूबच्या पट्टीला मी मारतो तशीच गाठ होती, डावीकडून दुहेरी. मी तिथे वाळूत खाली बसलो. ट्रॅकवर बाकीची मशीन घरघरत फिरत होती. मला वाटलं, कोणी बघायच्या आत ते काढून समुद्रात टाकून द्यावं. खरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. चालत पाण्यापर्यंत गेलोही. मग परत आलो.

मिस्त्री माणसाचं दुःखसुद्धा आधी खात्री करून घेतं. मी कापड काढलं, स्वतःच्या खर्चाने नवीन बेल्ट टाकला, एक नंबरची फाटकी सीट बसवली आणि तीन नंबर चालवायला लागलो. रोज सकाळी बोटीने जायचो, गाळा बायकोच्या भावावर टाकून. वाळूत मुद्दाम रेटायचो, जे भावोजींनी कधीच केलं नव्हतं ते सगळं करायचो. पंधरा दिवसांनी कव्हर उघडलं. बेल्टची कड नव्यासारखी खरबरीत. मी मनातून शेवटपर्यंत आशा करत होतो की तो जळलेला निघेल.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे रे मिस्त्री, होतं असं. चांगला माणूस होता तो. बोलव ना परत.” एवढं सोपं होतं त्याच्यासाठी.

मी रविवारी सकाळी बोरिवलीला गेलो. न कळवता. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते कापड, गाळ्यातल्या भंगाराच्या डब्यातून शोधून काढलेला त्यांचा जळका बेल्ट, आणि पंधरा दिवस चाललेला नवा. दार बहिणीने उघडलं. ती बाजूला झाली. भावोजी आतून आले आणि मला बघून नेहमीसारखे खुर्ची पुढे करायला लागले. मी उभाच राहिलो. वडील राहायचे तसा. मग तिघे बसलो आणि मी टीपॉयवर सगळं मांडलं.

पहिल्यापासून सांगितलं. कापड कधी बांधलं, का बांधलं, कोणाला का सांगितलं नाही, कसं विसरलो. दोन्ही बेल्ट त्यांच्या हातात दिले. म्हटलं, ही कड बघा आणि ही बघा. तुम्ही म्हणाला होतात ना कव्हर तापतं म्हणून? ते तापत होतं माझ्यामुळे. तुमची काही म्हणजे काही चूक नव्हती. भावोजींनी नीट बघितलं. बोट फिरवून बघितलं. कापडही वाजवून बघितलं. मग तिन्ही वस्तू परत वर्तमानपत्रावर, होत्या तशा, हळूच ठेवल्या.

“दादा,” ते म्हणाले, “हे तुम्ही हिच्यासाठी करताय ना?”

मला कळेना. “काय करतोय?”

“हे स्वतःवर घेताय. मला कळतं. ती यायची थांबली, आई कष्टी असतात. पण तुम्ही असं नका करू. तुमच्या हातून अशी चूक होईल? पंचवीस वर्षांचा हात आहे तुमचा. अख्खी अंधेरी तुमच्याकडे येते.”

मी म्हटलं, अहो, झालीय चूक. ते मान हलवत राहिले. मालक परत बोलावतोय म्हणून सांगितलं, तर म्हणाले, “त्यांचे उपकार आहेत. पण चौथा बेल्ट गेला तर मी कुठे तोंड दाखवू?” मी पुन्हा सांगितलं. ते समजावल्यासारखं हसले. आणि मग माझा तोच आवाज चढला, माझ्या नकळत. “अहो, मी सांगतोय ना! माझी चूक होती! माझी!”

त्यांची मान खाली गेली. त्या रविवारी ट्रॅकवर गेली होती तशीच, तेवढीच. “बरं दादा,” ते म्हणाले. “तुमची.”

ओरडल्यावर ते माझं काहीही कबूल करणार होते. तेव्हा त्यांची चूक कबूल केली, आता माझी केली. पटलं काहीच नव्हतं. पटलेलं होतं फक्त पहिलं. आमच्या घरात यंत्रातलं ज्याला कळतं असा एकच माणूस, आणि त्याने त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या हाताला यंत्र सोसत नाही. ते त्यांनी बातमीसारखं घेतलं नव्हतं, रक्ताच्या रिपोर्टसारखं घेतलं होतं.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, “गाडी का विकली माहितीये तुला? मोडीत निघायच्या आधी दुसऱ्याला जाऊ दे, म्हणाले. मिक्सरसुद्धा मला लावायला सांगतात, दादा. पंख्याचा रेग्युलेटर फिरवायचा तर मुलीला हाक मारतात.” भावोजी घाईने म्हणाले, “अगं, असू दे ना. चहा टाक त्यांना.” तिला माझं खरं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं, आणि त्यामुळे तिचा राग कमी झाला नव्हता, वाढला होता. चहा तिने केला. मी प्यायलो. कसा होता ते आठवत नाही.

निघालो तेव्हा भावोजी मला सोडायला खाली आले. मी नको म्हटलं तरी आले. बिल्डिंगच्या दारात माझी स्कूटर उभी होती. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. हात जोडायचेच बाकी ठेवले होते. म्हटलं, “भावोजी, माझं एवढं ऐका. मी मागे बसतो. त्या कोपऱ्यापर्यंत चालवा, बस.”

त्यांनी किल्लीकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको दादा,” ते म्हणाले. “तुमचा बेल्ट उगाच जायचा.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा असता तर मी सुखाने घरी गेलो असतो. पण टोमणा नव्हता, त्यांना माझ्या गाडीची खरोखरची काळजी वाटत होती.